तलावाची पातळी रोज कळते, पाइपाचं वय का कळत नाही?

जुलै उजाडला की मुंबईत पावसाच्या जोडीनं सात तलावांचाही हिशेब सुरू होतो. तुळशी भरून वाहू लागला, विहार भरत आला, मोडक सागरचे दरवाजे उघडले, भातसा अजून निम्म्यावर आहे. एकूण क्षमता साडेचौदा लाख दशलक्ष लिटर, त्यातले आज किती टक्के, हे विरार लोकलच्या दारात लटकलेला माणूसही सांगू शकतो. महापालिका आकडे रोज जाहीर करते, वर्तमानपत्रं रोज छापतात, आणि पाणीकपात होणार की टळणार यावर घराघरांत पैजा लागतात.

हे चांगलंच आहे. पण तलावात जमलेलं पाणी शंभरेक किलोमीटरवरून ज्या बोगद्यांतून, जलवाहिन्यांतून, टेकड्यांवरच्या जलाशयांतून आपल्या टाकीत येतं, त्यांची अवस्था काय आहे? तुमच्या गल्लीखालचा पाइप कोणत्या साली टाकला? तो बिडाचा आहे की पोलादी? गेल्या दहा वर्षांत किती वेळा फुटला, आणि बदलायची पाळी कधी येणार? हे विचारायला गेलात तर वॉर्ड ऑफिसातला दुय्यम अभियंता एकतर मनापासून हसेल किंवा माहिती अधिकाराचा अर्ज करा म्हणेल. हा हिशेब लोकांसमोर मांडणं बंधनकारक करणारी आणि तो तपासणारी एक सार्वजनिक परिषद मुंबईला हवी, असं माझं म्हणणं आहे. या लेखापुरतं तिला ‘पाणी परिषद’ म्हणू.

शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग गळती आणि चोरीत जातो, असं पालिकेचेच अधिकारी वेळोवेळी सांगत आले आहेत. खालचा आकडा धरला तरी तो हजार दशलक्ष लिटरच्या आसपास जातो. वाडा तालुक्यात जे गारगाई धरण बांधायचं चाललं आहे, त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळणार आहेत. म्हणजे दोन गारगाई आपण आत्ताच रोज जमिनीत मुरवतो किंवा हिशेबाबाहेर सोडतो, आणि तिसऱ्या गारगाईसाठी तानसा अभयारण्यातलं जंगल आणि आदिवासींची गावं पाण्याखाली घालायला निघालो आहोत. गारगाई नकोच असं मी म्हणत नाही. डॉ. माधवराव चितळे समितीनं १९९४ साली मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ असा क्रम सुचवला होता, तो विचारपूर्वकच सुचवला असणार. पण हातातल्या वस्तूची मोजदाद न करता नवी वस्तू घ्यायला निघालेल्याला आपण घरात काय म्हणतो, ते शहराला म्हणायला का कचरतो?

शिवाय ‘गळती आणि चोरी’ हा जोडशब्द फार सोयीचा झाला आहे. गळतीची जबाबदारी खात्याची, चोरीची लोकांची. दोन्ही एका आकड्यात घातले की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. खरोखर पाइपातून किती गळतं, मीटर बंद असल्यामुळे किती मोजलंच जात नाही, बड्या ग्राहकांकडे किती मुरतं आणि वस्तीतली माणसं नाइलाजानं किती ओढतात, हे चार वेगळे आकडे हवेत. चौथा गट तर चोरही म्हणता येणार नाही असा आहे. ‘कट-ऑफ डेट’नंतरच्या, म्हणजे झोपडी अधिकृत धरण्यासाठी सरकारनं ठरवलेल्या तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाण्याची जोडणीच द्यायची नाही हे वर्षानुवर्षांचं धोरण होतं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी त्यात राहणाऱ्याचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. त्यानंतर ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण प्रत्यक्ष यायला मे २०२२ उजाडला. मधल्या साडेसात वर्षांत त्या माणसांनी प्यायलेलं पाणी कोणत्या रकान्यात गेलं असेल, हे सांगायला नको.

आता गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा. १८ जुलै २०२१ च्या पहाटे मुसळधार पावसात भांडुप जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरलं, विजेची यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या मोठ्या भागाचं पाणी थांबलं. भांडुपच्या दोन प्रकल्पांची क्षमता १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर. शहराच्या पाण्याचा फार मोठा वाटा एका आवारात शुद्ध होतो आणि त्या आवारातल्या विजेच्या पेट्या पुराच्या पातळीच्या खाली होत्या, हे आपल्याला पूर आल्यावर कळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या पिसे उदंचन (पंपिंग) केंद्रात ट्रान्सफॉर्मरला आग लागली, पुन्हा कपात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी फुटली. अंधेरी-जोगेश्वरीच नव्हे, लांबलांबच्या वस्त्यांनी पुढचे काही दिवस टँकरच्या मागे धावून काढले.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट ठाण्यातली आहे. ठाण्यात कुणीतरी कूपनलिका खोदली, आणि ती सरळ मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्यात घुसली. भांडुपकडे येणारा हा बोगदा दुरुस्त करायला ३१ मार्च २०२३ पासून तीस दिवस पंधरा टक्के पाणीकपात झाली. सव्वा कोटी माणसांच्या बादल्या महिनाभर उण्या भरल्या, त्या एका भोकामुळे! बोगदा मुंबई महापालिकेचा, जमीन ठाण्याची, कूपनलिका तिसऱ्याचीच. कूपनलिकेला परवानगी देणाऱ्या टेबलावर बोगद्याचा नकाशा असता आणि तो पाहायची सक्ती असती तर हे घडलं नसतं. आपल्याकडे नकाशे नाहीत असं नाही. ते एका खात्याच्या कपाटात असतात आणि खोदणारा दुसऱ्या खात्याचा असतो.

त्याहून साधं उदाहरण हवं असेल तर घराबाहेर पडा. २०२३ पासून मुंबईत शेकडो किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण सुरू आहे. काँक्रीटचा रस्ता तीस वर्षं टिकावा अशी अपेक्षा असते. त्याखालचा पाइप आणखी किती वर्षं टिकेल हे रस्ता करण्याआधी कुणी विचारलं का? जिथे विचारलं नाही तिथे नव्या कोऱ्या काँक्रीटला चर पडलेले दिसतात, त्यावर डांबराचं ठिगळ, आणि शेजारी ‘काम प्रगतीपथावर’. रस्ते खात्याचं वेळापत्रक आणि जल अभियंता खात्याची पाइपांची यादी एकाच बैठकीत शेजारी-शेजारी ठेवणं एवढीच ही गोष्ट. यालाच जगभर मालमत्ता व्यवस्थापन म्हणतात. प्रत्येक वाहिनीची, व्हॉल्व्हची, पंपाची, जलाशयाची नोंद. तिचं वय, धातू, अवस्था, ती फुटली तर कितीजणांचं पाणी जातं त्याचा अंदाज. आणि त्यावरून ठरलेला क्रम की आधी काय बदलायचं, काय नुसतं दुरुस्त करायचं आणि कशाला अजून दहा वर्षं हात लावायचा नाही.

हे पाइपांचं शास्त्र आरोग्यालाही भिडतं. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. उरलेल्या वेळात वाहिनीत दाब नसतो. शेजारून गटार वाहतं आणि पाइप गंजून भोकं पडलेली असतात. दाब गेला की बाहेरचा मैला आत शिरतो. नळाला पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं त्याचं एक कारण हे आहे. त्यात वरच्या बाजूच्या लोकांनी वाहिनीला थेट पंप लावले की ओढ वाढते आणि टोकाच्या वस्तीला आधी हवा, मग घाण आणि मग पाणी, या क्रमानं पुरवठा होतो. ज्या गल्लीतून गढूळ पाण्याच्या तक्रारी वारंवार येतात ती गल्ली म्हणजे गंजलेल्या पाइपाचा फुकटात मिळालेला अहवाल आहे. तक्रारवही आणि पाइपांची यादी एकमेकांना कधी भेटतात का, हा प्रश्न परिषदेनं विचारायचा.

आणखी एक मालमत्ता कुठल्याच यादीत नाही. ती म्हणजे चावीवाल्याची, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या पालिका कामगाराची, आठवण. कोणती चावी किती आटे फिरवली की टेकडीवरच्या चाळीत पाणी चढतं, कोणता व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर खालचा जोड निखळतो, हे त्या माणसाच्या हाताला ठाऊक असतं. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ, शाल आणि श्रीफळ देऊन खातं हे ज्ञान सन्मानपूर्वक घरी पाठवतं. नवीन माणूस सहा महिने चाचपडतो, आणि त्या काळात कुणाची तरी पाण्याची वेळ पहाटे तीनवर जाते.

परिषदेला माझ्या मते कुठलंही कंत्राट देण्याचा, थांबवण्याचा वा फिरवण्याचा अधिकार असू नये. निविदा जिथे असते तिथे टक्केवारी येते, आणि मग परिषद म्हणजे दुसरी स्थायी समिती होईल. एक पुरेशी आहे. परिषदेकडे तीनच गोष्टी हव्यात, पण कायद्यानं बांधलेल्या. कागद मागितला की ठरलेल्या मुदतीत मिळालाच पाहिजे. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी जलव्यवस्थेच्या अवस्थेचा विभागवार अहवाल पालिकेनं परिषदेपुढे ठेवला पाहिजे आणि त्यावर जनसुनावणी झाली पाहिजे. आणि सुनावणीत निघालेल्या प्रत्येक सूचनेला प्रशासनानं कारणासह लेखी उत्तर दिलं पाहिजे. नकार दिला तरी चालेल, कारण मात्र छापून आलं पाहिजे. कारण द्यायची सवय सरकारी खात्यांना नसते. ती एकदा लागली की अर्धे निर्णय आपोआप शहाणे होतात, निदान उघडे तरी पडतात.

ही मागणी हवेतली नाही. मलबार हिल जलाशयाचं जे झालं ते अजून ताजं आहे. फिरोजशाह मेहता उद्यानाच्या, म्हणजे आपल्या हँगिंग गार्डनच्या पोटात १८८० च्या दशकातला जलाशय आहे. कुलाब्यापासून ग्रँट रोडपर्यंतच्या दक्षिण मुंबईला आणि वरळी-लोअर परळच्या जी दक्षिण विभागाला तो पाणी देतो. तो जीर्ण झाला, पाडून नवा बांधायला हवा, त्यासाठी सुमारे ६९८ कोटी लागतील आणि ३८९ झाडांना हात लावावा लागेल, असं पालिकेनं ठरवलं. रहिवाशांनी विचारलं, जीर्ण झाला हे ठरवलं कुणी आणि कशावरून? आरडाओरडा झाला, मंत्री मध्ये पडले, आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांना घेऊन समिती नेमली गेली, जलाशयाचे कप्पे रिकामे करून आत उतरून पाहणी झाली. समितीतही मतभेद झाले, दोन अहवाल आले. मग आयआयटी रुरकीचं मत घेतलं गेलं, आणि शेवटी पाडापाडी रद्द होऊन दुरुस्तीचा मार्ग ठरला.

नागरिकांनी एका मालमत्तेच्या अवस्थेचा पुरावा मागितला आणि शेकडो कोटींचा निर्णय बदलला. अभियंत्यांचा अपमान झाला नाही, शहर बुडालं नाही. उलट एका अभियंत्याचं मत दुसऱ्या अभियंत्यानं तपासलं, जे एरवीही व्हायला हवं होतं. मला यात खुपतं ते वेगळंच. मलबार हिलवर राहणाऱ्यांना मंत्र्याचा फोन नंबर ठाऊक असतो, वकील शेजारी राहतो, इंग्रजी वर्तमानपत्राचा संपादक बागेत फिरायला येतो. गोवंडीच्या, मानखुर्दच्या, वाशी नाक्याच्या माणसाला जलाशयाबद्दल असा प्रश्न विचारायचा झाला तर तो कुठे जाणार? झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर आणि इमारतीला १३५ लिटर हा पालिकेचा वर्षानुवर्षांचा हिशेब. ज्याला कमी मिळतं त्याचाच आवाज कमी पोचतो. कायमची परिषद हवी ती यासाठी. नाहीतर ज्याची ओळख मोठी त्याच्याच जलाशयाची तपासणी होणार.

आणि म्हणूनच परिषदेवर कोण बसणार हा प्रश्न मला अधिकारांपेक्षाही मोठा वाटतो. ‘प्रतिष्ठित नागरिक’ नेमायचे म्हटलं तर नेहमीचीच यशस्वी मंडळी येतील: एक निवृत्त सनदी अधिकारी, एक वास्तुविशारद, एक उद्योगपतीच्या प्रतिष्ठानाची विश्वस्त, आणि समतोल दिसावा म्हणून एक कार्यकर्ता. माझा प्रस्ताव असा आहे की निम्म्याहून अधिक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडावेत. म्हाडाच्या सोडतीवर मुंबईकरांचा जेवढा विश्वास आहे तेवढा फार थोड्या सरकारी प्रक्रियांवर आहे. तसंच प्रत्येक प्रशासकीय विभागातल्या इच्छुकांमधून सोडत काढावी, त्यात झोपडपट्टी, चाळ आणि इमारत यांचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवावा, आणि किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण पाण्याची वेळ कोण सांभाळतं हे आपल्याला ठाऊक आहे. दोन वर्षांची मुदत, बैठकीचा भत्ता असा की रोजंदारी बुडाली तरी माणूस येऊ शकेल. उरलेल्या जागांवर जलतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर, लेखापाल आणि पालिका कामगारांचे प्रतिनिधी. चावीवाला हवाच. मदतीला दोन-तीन अभियंत्यांचं छोटं कार्यालय असावं, ते जल अभियंत्याच्या हाताखाली नसावं. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे गेला तिला एवढा खर्च जड जाऊ नये.

नगरसेवक कशाला आहेत मग, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. २२७ नगरसेवक, स्थायी समिती, प्रभाग समित्या हे सगळं कायद्यात आहे. पण ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकानं चालवली. मलबार हिलचा वाद, ठाण्याचा बोगदा, रस्त्यांचं काँक्रीट, सगळं याच काळातलं. आता सभागृह पुन्हा भरलं आहे, ते भरलेलं राहो. तरीही नगरसेवकाचं लक्ष पाच वर्षांच्या मुदतीवर असतं आणि पाइपाचं आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं असतं. नव्या वाहिनीच्या उद्‌घाटनाला नारळ फुटतो. जुनी वाहिनी न फुटल्याबद्दल कुणी हार घालत नाही. हा दोष माणसांचा नाही, त्यांच्या वेळापत्रकाचा आहे, म्हणून वेगळ्या वेळापत्रकाची संस्था जोडीला हवी. क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद राज्यानं २००९ मध्येच कायद्यात आणली होती. मुंबईत ती कागदावरच राहिली. ती राबवली असती तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पाणीपुरवठ्याचे नकाशे जाहीर केले तर घातपाताचा धोका, असं सांगितलं जाईल, आणि या शहराला तो धोका पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. पण व्हॉल्व्हचा नेमका ठावठिकाणा आणि वाहिनीची अवस्था या दोन वेगळ्या माहित्या आहेत. अमुक विभागातल्या वाहिन्यांपैकी किती टक्के पन्नास वर्षांहून जुन्या आहेत, गेल्या वर्षी किती वेळा फुटल्या, दुरुस्तीला किती तास लागले, यातून घातपात करणाऱ्याला काय मिळणार? बारीक नकाशे परिषदेच्या सदस्यांनी कार्यालयात बसून पाहावेत. आणि ठाण्याच्या बोगद्याला भोक पाडायला कुणी शत्रू आला नव्हता, एवढं ध्यानात असू द्यावं.

तिसरी शंका मला स्वतःला सतावते. मालमत्तेची मोजदाद ही विक्रीची पहिली पायरी ठरू शकते. २००६-०७ च्या सुमारास के पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी-विलेपार्ले पूर्वेत, जागतिक बँकेच्या मदतीनं सल्लागार नेमून पाणीवाटपाचा अभ्यास झाला. खासगीकरणाचा वास येताच नागरिक आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे वांद्रे-खार आणि मुलुंडमध्ये चोवीस तास पाण्याचा प्रयोग जाहीर झाला. चोवीस तास पाणी काही आलं नाही. तेव्हा ‘तुमचे पाइप मोजतो’ म्हणणाऱ्याकडे मुंबईकर संशयानं पाहणार, आणि पाहावंच. पण त्यावरचा इलाज मोजदाद टाळणं हा नाही. मोजदाद आपल्याकडे असली तर कुणी कवडीमोलानं मागायला आला की किंमत आपल्याला आधीच माहीत असेल. जलव्यवस्थेचा कोणताही भाग बाहेर चालवायला देण्याआधी परिषदेपुढे सुनावणी झालीच पाहिजे, हे कलम पहिल्याच पानावर घालावं. पॅरिसनं २०१० मध्ये पाणी खासगी कंपन्यांकडून परत शहराच्या हातात घेतलं आणि सोबत रहिवासी, संघटना आणि अभ्यासकांची पाणी निरीक्षण समिती चालू ठेवली, तिचा प्रतिनिधी सार्वजनिक कंपनीच्या संचालक मंडळावर बसतो. उलट इंग्लंडमध्ये १९८९ पासून नियामक असूनही लंडनला पाणी पुरवणारी थेम्स वॉटर कर्जात बुडाली आणि तिच्या वाहिन्या गळतच राहिल्या. नुसता नियामक नेमून भागत नाही, एवढं तिथून घ्यावं.

आपल्याच राज्यात विजेचं उदाहरण आहे. बेस्टला किंवा अदानी-टाटांना दर वाढवायचा असेल तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं, हिशेब जाहीर करावा लागतो, जनसुनावणी होते, ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारतात. धरणातल्या ठोक पाण्याच्या दरासाठीही महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण सुनावणी घेतं. मुंबईच्या नळाच्या पाण्याला मात्र यातलं काहीच नाही. २०१२ च्या ठरावानं आयुक्तांना दरवर्षी आठ टक्क्यांपर्यंत पाणीपट्टी वाढवता येते. २०२२ मध्ये झोपडपट्टीचा दर हजार लिटरला ५ रुपये २८ पैसे झाला आणि इमारतींचा ६ रुपये ३६ पैसे. दर कमीच आहेत. टँकरचं पाणी घेणारा त्याच्या कैक पट मोजतो. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाले संपावर गेले तेव्हा शहराचा किती भाग त्यांच्यावर जगतो हे एकदम दिसलं, आणि पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर ताब्यात घ्यायची तयारी करावी लागली. पाणीपट्टी वाढवावी लागेल असं मलाही वाटतं. पण वाढलेल्या पैशातून कोणते पाइप बदलले हे दाखवल्याशिवाय ती मागायचा हक्क कुणाला आहे? निवडणूक आली की राज्य सरकार दरवाढ रोखतं, आणि रोखल्यामुळे पुढे ढकललेली दुरुस्ती कुणाच्याच नजरेत येत नाही. पाणी आणि मलनिःसारणाचा हिशेब पालिकेत स्वतंत्र ‘अर्थसंकल्प ग’ म्हणून ठेवण्याची पद्धत आहे. सोयीची वही आधीच आहे, तिला फक्त मालमत्तेच्या अवस्थेचं पान जोडायचं आहे.

आणि पालिका हेच आपल्याकडून मागते की. इमारतीला तीस वर्षं झाली की १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ३५३ ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून दाखला द्यावा लागतो. सोसायटीला उपविधीनुसार दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बाजूला ठेवावा लागतो, आणि वार्षिक सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका त्याचा पैसा-पैशाचा जाब विचारतात. सोसायटीला लावलेला नियम सोसायटीला पाणी देणाऱ्यालाही लागू व्हावा, एवढीच ही मागणी. तपासणी झाली म्हणजे भागलं असंही नाही. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि माणसं मेली. त्या पुलाची तपासणी झालेली होती, किरकोळ दुरुस्ती पुरेशी असा शेरा होता. तो शेरा पूल पडायच्या आधी किती जणांनी वाचला होता? पूल निदान डोळ्यांना दिसतो. तानसाची वाहिनी काही ठिकाणी दिसते, बाकीचं सगळं जाळं जमिनीखाली आहे. तिथे कागद हेच आपले डोळे.

सुरुवातीला कायद्यात बदल होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. स्थायी समितीनं ठराव करून पुढच्या फेब्रुवारीच्या ‘अर्थसंकल्प ग’ सोबत विभागवार अवस्था-अहवाल जोडायला सांगावं. तो पहिल्या वर्षी अर्धामुर्धा असेल, अनेक रकान्यांत ‘नोंद उपलब्ध नाही’ असं येईल, आणि तेही छापलं जावं. त्याच वर्षी दोन विभागांत परिषदेचा प्रयोग करावा, एक डी आणि एक एम पूर्व, म्हणजे मलबार हिल आणि गोवंडी. सोडत उन्हाळ्याच्या आधी काढावी. पहिली सुनावणी एम पूर्वमध्ये घ्यावी, रविवारी दुपारी, कारण इतर दिवशी लोक कामावर असतात आणि सकाळी पाण्याच्या रांगेत. विषयपत्रिकेवर पहिला प्रश्न ठेवावा: या विभागाच्या वेशीवर मोजून किती पाणी येतं, आणि ते मोजणारा मीटर चालू आहे का?